ब्रह्मा कोंबड्यांची पैदास व संगोपन

गारखेडा हे एके काळी शहरालगतचे खेडे होते. आज ते छत्रपती संभाजीनगरच्या वस्तीत सामावले आहे. तरीही ज्यांच्या घरामागे थोडेसे अंगण आहे, अशा कुटुंबांस पाच-दहा जातिवंत कोंबड्या पाळणे अशक्य नाही. ब्रह्मा ही जात प्रदर्शनात उठून दिसते व घरासाठी अंडीही देते. मात्र नुसते अंगावरचे पीस पाहून पक्षी विकत घेणाऱ्याची फसगत दोन ठिकाणी होते : पहिली जातीच्या शुद्धतेत आणि दुसरी उन्हाळ्यात.

जातीची ओळख

ब्रह्मा हे नाव ब्रह्मपुत्रा नदीवरून पडले. परंतु ही जात अमेरिकेत, मुख्यतः शांघायहून आणलेल्या पक्ष्यांपासून तयार झाली. चितगावच्या पक्ष्यांचेही रक्त तीत असावे, असे मानले जाते. १८५२ साली जॉर्ज बर्नहॅम ह्या अमेरिकन पैदासकाराने राणी व्हिक्टोरियास ह्या जातीचे पक्षी भेट पाठविले व त्यानंतर इंग्लंडात तिची कीर्ती वाढली. पांढरा, गडद व बदामी असे तिचे तीन प्रमुख रंग आहेत. पांढऱ्या प्रकारातील पूर्ण वाढलेला नर सुमारे साडेपाच किलो व मादी सव्वाचार किलो भरते. तीन ठेंगण्या रांगांचा तुरा, डोळ्यांवर पुढे आलेली भुवई आणि बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले पाय ही तिची लक्षणे होत.

शुद्धतेची पारख

पायांवरील पिसे व ठेंगणा तुरा हे दोन्ही गुण प्रबळ आहेत. साध्या एकेरी तुऱ्याच्या गावठी कोंबडीस शुद्ध ब्रह्मा नर दिला, तरी पहिल्या पिढीच्या पिलांत हे गुण कमीअधिक प्रमाणात उतरतात. त्यामुळे संकरित पिले ब्रह्मा म्हणून सहज खपतात. अशा संकरित पक्ष्यांची आपापसांत पैदास केली असता सुमारे एक चतुर्थांश पिले एकेरी तुऱ्याची निघतात. कळपात असे एक पिलू जरी निघाले, तरी त्याच्या आई व बाप ह्या दोघांतही मिश्रण आहे असे समजावे. म्हणून पिलांपेक्षा त्यांचे आईबाप पाहून खरेदी करणे अगत्याचे आहे.

पैदाशीची निवड

एका नरामागे सहा ते आठ माद्या ठेवाव्यात. केवळ पिसांच्या भाराकडे पाहून नर निवडू नये. तो चपळ, रुंद छातीचा व सरळ पायांचा असावा. दाट पिसांमुळे अंडी निष्फळ राहत असल्यास गुदद्वाराभोवतीची पिसे कातरावीत. ब्रह्मा मादी खुडूक बसते, पण तिच्या वजनाने अंडी फुटण्याची भीती असते. यास्तव गावठी खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवावीत; पिले २१ दिवसांनी बाहेर पडतात. अंडी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बसविल्यास उन्हाळ्यापूर्वी पिले वाढीस लागतात. राणीखेत, म्हणजे मानमोडी, रोगाची लस पहिल्याच आठवड्यापासून द्यावयाची असते; पुढील मात्रांचे वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्यावे.

उन्हाळ्यातील जपणूक

थंडीत ऊब देणारे दाट पीसच येथे शत्रू ठरते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो. खुराडे झाडाच्या सावलीत, पूर्व-पश्चिम लांब व दोन्ही बाजूंनी जाळीचे असावे. दर पक्ष्यास किमान चार चौरस फूट जागा द्यावी. दुपारी जाळीवर ओले गोणपाट सोडावे, पण कोंडट होऊ देऊ नये. मातीच्या भांड्यातील गार पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदलावे. दाणा पहाटे व सायंकाळी घालावा. चोच उघडी टाकून, पंख पसरून धापा टाकणारा पक्षी तत्काळ सावलीत नेऊन त्याचे पाय पाण्यात भिजवावेत.

बसण्याची दांडी जमिनीपासून एक फुटाहून उंच नसावी. उंचावरून उडी मारल्याने जड पक्ष्याचे पाय दुखावतात. पावसाळ्यात चिखलाने पायांची पिसे चिकटतात व त्याआड खवल्यांखाली सूक्ष्म किडे वाढतात. खवले उचललेले दिसताच पाय कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावेत व आठवड्यातून दोनदा खाद्यतेल चोळावे. भुशाची गादी सदैव कोरडी ठेवावी.

प्रदर्शन व त्यानंतर

प्रदर्शनापूर्वी दोन दिवस पक्षी कोमट पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवावा. परत आणल्यावर मात्र तो लगेच कळपात सोडू नये. तीन आठवडे वेगळा ठेवून त्याच्याकडे लक्ष द्यावे. एका बक्षिसापायी सबंध कळप गमावण्याचा प्रसंग टाळावयाचा, तर हा नियम कधीही मोडू नये.