बंद पाकिटातील पुरावा

नववीच्या वर्गात फ्रान्सचा इतिहास शिकवीत असता कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस याच्या खटल्याचा प्रसंग आला, तेव्हा एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, ‘सर, तो खरोखरच फितूर असता, तर सरकारने खटल्यात थोडे लपविले म्हणून काय बिघडले असते?’ प्रश्न आडदांड, पण मोलाचा. तास संपल्यामुळे अर्धे राहिलेले उत्तर येथे पुरे करीत आहो.

१८९४ साली पॅरिसमधील जर्मन वकिलातीच्या कचऱ्याच्या टोपलीतून एक फाडलेले पत्र फ्रेंच हेरखात्याच्या हाती आले. त्यात लष्करी माहिती पुरविण्याची भाषा होती, सही नव्हती. अक्षर ड्रेफसच्या अक्षरासारखे वाटले. तो ज्यू होता, आणि सैन्यात ज्यूंविषयी जो द्वेष होता त्याने उरलेले काम केले. हस्ताक्षरतज्ज्ञांचेही एकमत नव्हते. पुरावा लंगडा आहे हे जाणून युद्धमंत्री जनरल मेर्सिए याने एक बंद पाकीट, सात लष्करी न्यायाधीश निकालाचा विचार करीत असता, त्यांच्या खोलीत पोचविले. आरोपीस वा त्याच्या वकिलास त्याची वार्ताही नव्हती. २२ डिसेंबर १८९४ रोजी सातही जणांनी त्यास दोषी ठरविले. ५ जानेवारी १८९५ रोजी सैनिकांसमक्ष त्याची पदचिन्हे उपटून तलवार मोडण्यात आली, आणि पुढे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील ‘सैतानाचे बेट’ या नावाच्या बेटावर तो जन्मभरासाठी धाडला गेला.

पाकिटातील एका पत्रात ‘डी’ या केवळ आद्याक्षराने कोणा हलकटाचा उल्लेख होता. तो ‘डी’ ड्रेफस नव्हताच. परंतु ‘हा मी नव्हे’ असे सांगण्याचा ज्यास अधिकार होता, त्यासच ते पत्र दाखविले नव्हते. (आम्हीही एकदा वर्गप्रमुखाच्या चिठ्ठीवरून, ती न दाखविताच, एका मुलास तासभर उभे केले होते. चिठ्ठीत आडनाव तेवढे त्याचे होते.)

तेव्हा, बाळ, तो फितूर असता तरी न्यायाधीशांस ते नीट कळण्याचा मार्ग सरकारनेच बुजविला होता. अपराधी कोण हे आधीच ठाऊक असते, तर खटला कशास हवा? बांधाच्या भांडणात दोन शेजारी आपापले कागद घेऊन येतात. फौजदारी खटल्यात मात्र कागद, पोलीस, तुरुंग आणि खजिना ही सारी एकाच बाजूस असतात. म्हणून त्या बाजूस खटला जिंकण्याची घाई शोभत नाही.

१८९६ मध्ये हेरखात्याचा नवा प्रमुख पिकार याने मूळ पत्र एस्टरहाझी नावाच्या अधिकाऱ्याच्या अक्षरात असल्याचे ओळखले. वरिष्ठांनी चूक सुधारण्याऐवजी पिकारलाच ट्युनिशियात पाठविले. एक लपविलेला कागद झाकण्यासाठी मेजर आंरी याने दुसरा बनावट कागद तयार केला. १३ जानेवारी १८९८ रोजी कादंबरीकार एमिल झोला याने वृत्तपत्रातून राष्ट्राध्यक्षांस उघड पत्र लिहून अधिकाऱ्यांची नावे घेतली. ऑगस्टमध्ये आंरीचे कपट उघड झाले. तरीही १८९९ च्या फेरखटल्यात ड्रेफस पुन्हा दोषीच ठरला! राष्ट्राध्यक्षांनी क्षमा केली. पण निर्दोष माणसास क्षमा कसली? फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ जुलै १९०६ रोजी त्यास निर्दोष ठरविले.

आपल्या देशात १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे २३० वे कलम पाहावे. पोलिसांच्या अहवालावरून चालणाऱ्या खटल्यात आरोपी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे आल्यापासून १४ दिवसांच्या आत अहवाल, साक्षीदारांचे जबाब इत्यादींच्या प्रती त्यास द्याव्या लागतात, आणि त्याही विनामूल्य.