परराज्यात गाडीतून बंदूक नेताना



अमेरिकेत बंदुकीचा कायदा एक नाही. फेडरल सरकारचा कायदा देशभर लागू असतो, पण त्याच्या जोडीला पन्नास राज्यांचे पन्नास कायदे आहेत आणि न्यूयॉर्क शहरासारख्या ठिकाणचे नियम आणखी वेगळे आहेत. वाहन चालवण्याचा परवाना एका राज्याने दिला की तो सर्व राज्यांत चालतो. पिस्तूल जवळ बाळगण्याचा परवाना तसा चालत नाही. फ्लोरिडापासून मेनपर्यंत जाणारा आय-९५ हा महामार्ग पंधरा राज्यांतून जातो. त्यांतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये प्रौढ माणसाला पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नाही. लगतच्या मॅसॅच्युसेट्समध्ये विनापरवाना पिस्तूल हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. दोहोंमध्ये फक्त सीमारेषा आहे आणि ती ओलांडताना गाडीला कोणी थांबवत नाही. त्यामुळे सीमा ओलांडल्याचे भान प्रवाशाने स्वतःच ठेवायचे असते.

या अडचणीवर १९८६ साली, रोनाल्ड रेगन अध्यक्ष असताना, अमेरिकी संसदेने एक तोडगा काढला. ‘फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्ट’ या कायद्यातून फेडरल गुन्हेविषयक संहितेत ९२६-ए हे कलम आले. एका कडक कायद्याच्या राज्यातून फक्त पुढे जाणाऱ्या माणसाला त्या राज्याने गुन्हेगार ठरवू नये, हा त्याचा हेतू. कलम छोटे आहे, पण त्यातली प्रत्येक अट स्वतंत्र आहे. जिथून निघायचे तिथे ती बंदूक कायदेशीरपणे बाळगता आणि नेता आली पाहिजे. जिथे पोहोचायचे तिथेही तसेच. नेण्याचे कारण कायदेशीर हवे. नेणाऱ्यावर फेडरल कायद्याने बंदी घातलेली नसावी. प्रवासात बंदुकीत गोळ्या नसाव्यात, आणि बंदूक व गोळ्या या दोन्ही गोष्टी बसण्याच्या जागेतून हाताला लागणाऱ्या नसाव्यात. एक अट मोडली की संरक्षण गेले आणि गाडी ज्या राज्यात उभी असेल त्या राज्याचा कायदा पूर्ण ताकदीने लागू झाला.

यांत सर्वाधिक फसगत होते ती पोहोचण्याच्या ठिकाणाबद्दल. व्हर्जिनियातला माणूस न्यू हॅम्पशायरला नेमबाजीच्या स्पर्धेसाठी निघाला, तर वाटेतल्या मेरीलँड, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स या राज्यांतून त्याला हे कलम पार नेते. ही राज्ये टाळताही येत नाहीत. न्यू इंग्लंडला देशाच्या उरलेल्या भागाशी जोडणारे एकच राज्य आहे, न्यूयॉर्क. अमेरिकेच्याच भूमीवरून जायचे तर त्यातून जावेच लागते. पण तोच माणूस वाटेत एडिसनला नातेवाइकांकडे गणपतीसाठी दोन दिवस राहिला, तर न्यू जर्सी हे वाटेतले राज्य उरत नाही, ते मुक्कामाचे राज्य होते. मग विचारले जाते ते तिथल्या कायद्याबद्दल. न्यू जर्सीत विनापरवाना पिस्तूल जवळ ठेवणे हा पाच ते दहा वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि त्यातला बराच काळ पॅरोलशिवाय काढावा लागू शकतो. टोकाला छिद्र असलेल्या, ज्यांना हॉलो पॉइंट म्हणतात, त्या गोळ्यांवरही तिथे वेगळे निर्बंध आहेत. म्हणून प्रवास आखताना आधी नकाशावर मुक्काम मांडावेत आणि मग बंदुकीचा विचार करावा. वाटेत कोणाकडे थांबायचे असेल तर बंदूक घरी ठेवणे हाच शहाणपणा.

मॅगझिनचे प्रकरण आणखी नाजूक आहे. ९२६-ए मध्ये बंदुकीचा आणि दारूगोळ्याचा उल्लेख आहे, मॅगझिनचा नाही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स आणि कॅलिफोर्निया या राज्यांत दहापेक्षा जास्त गोळ्या बसणाऱ्या मॅगझिनवर बंदी आहे. कलमाच्या शब्दांत जे नाही त्याच्या भरवशावर जाऊ नये. लांबच्या वाटेवर दहा गोळ्यांचीच मॅगझिने न्यावीत.

बांधाबांधीचे नियम सोपे आहेत आणि ते काटेकोर पाळावेत. सेडान गाडी असेल तर रिकामी बंदूक आणि गोळ्या डिकीत. एसयूव्ही, हॅचबॅक, व्हॅन अशा गाड्यांत डिकी बसण्याच्या जागेपासून वेगळी नसते. तिथे बंदूक आणि गोळ्या कुलूपबंद पेटीत असल्या पाहिजेत. ग्लव्ह बॉक्स आणि दोन सीटांमधला कन्सोल यांना कुलूप असले तरी ते चालत नाहीत, हे कलमात स्पष्ट लिहिले आहे. सेडानमध्येही डिकीच्या आत कुलूपबंद पेटी वापरावी, आणि गोळ्या दुसऱ्या पेटीत, मॅगझिनमधून काढून ठेवाव्यात. कायदा इतके मागत नाही, पण रात्री रस्त्याच्या कडेला टॉर्चच्या उजेडात पोलिसाला जे दिसते त्यात संशयाला जागा राहू नये. शाळांच्या बाबतीत तर याचा थेट उपयोग आहे. शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक बाळगण्यावर फेडरल बंदी आहे, आणि कुलूपबंद पेटीतली रिकामी बंदूक हा तिच्यातला एक अपवाद आहे. हमरस्ता सोडून गावात शिरलेल्या गाडीला शाळा कधी लागते हे चालकाला कळतही नाही.

वाटेत थांबावे किती, याचे उत्तर कलमात नाही. पेट्रोल, जेवण, स्वच्छतागृह एवढ्यापुरते थांबणे प्रवासाचाच भाग मानले जाते. रात्रीचा मुक्काम मात्र धोक्याचा आहे. २००५ साली यूटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचे पुढचे विमान न्यू जर्सीतल्या नेवार्कला चुकले. त्याने सामान ताब्यात घेतले आणि रात्र हॉटेलात काढली. सामानात रीतसर कुलूपबंद केलेले पिस्तूल होते. दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्याने ते स्वतःहून जाहीर केले आणि त्याला अटक झाली. काही दिवस तुरुंगात गेले. पुढे खटला मागे घेतला गेला. त्याने भरपाईसाठी दावा लावला, तेव्हा २०१० साली थर्ड सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितले की हॉटेलात असताना पिस्तूल आणि गोळ्या त्याच्या हाताशी होत्या, म्हणून कलमाचे संरक्षण तिथेच संपले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या प्रकरणांत सेकंड सर्किटच्या न्यायालयानेही ठरवले की या कलमाच्या आधारे पोलिसांवर नागरी हक्कभंगाचा दावा लावता येत नाही.

या निकालांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. ९२६-ए अटक टाळत नाही. खटल्यात बचाव म्हणून उभे राहते. बचाव करायचा म्हणजे अटक, जामीन, वकील, सुट्ट्या आणि पैसा हे सगळे आधी आलेच. कायदा चांगल्या हेतूने केला गेला, पण तो अपुरा आहे, आणि प्रामाणिक माणसाला त्याची किंमत मोजावी लागते.

एका राज्याचा परवाना दुसऱ्यात चालेल, ही समजूतही अशीच महागात पडते. २०१३ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका आईला न्यू जर्सीत साध्या वाहतूक तपासणीत थांबवले गेले. तिने पिस्तूल असल्याचे स्वतःहून सांगितले आणि आपल्या राज्याचा परवाना दाखवला. न्यू जर्सी तो मानत नाही. तिच्यावर गंभीर गुन्हा दाखल झाला. अखेर २०१५ साली राज्यपाल ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. परवाने सर्व राज्यांनी मानावेत असे विधेयक २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. कोणते राज्य कोणाचा परवाना मानते हे प्रत्येक राज्याच्या पोलिस खात्याकडून किंवा ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाकडून, निघण्याच्या आठवड्यातच ताजे पाहून घ्यावे.

भारतातून गेलेल्या माणसासाठी मात्र या सगळ्याच्या आधी येणारा प्रश्न व्हिसाचा आहे. विद्यार्थी व्हिसा, एच-वन-बी, एच-फोर हे सारे तात्पुरते व्हिसा. अशा व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला फेडरल कायद्याने मुळातच मनाई आहे. काही अपवाद आहेत. सर्वसाधारण माणसाच्या उपयोगाचा एकच, तो म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. मुदत संपली की अपवादही संपला. मित्राची बंदूक आपल्या गाडीतून नेणे हाही ताबाच. मनाई मोडल्यास १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ज्याला मनाई आहे त्याला ९२६-ए लागू होत नाही. ग्रीन कार्ड असलेल्याला ही मनाई नाही, पण तोही निर्धास्त नसतो: बंदूक बेकायदा बाळगल्याबद्दल किंवा नेल्याबद्दल दोषी ठरलेल्या परकीय नागरिकाला देशाबाहेर काढता येते, ग्रीन कार्ड असले तरी. अमेरिकी नागरिकाला ज्या चुकीबद्दल दंड आणि प्रोबेशन मिळेल, तिच्यासाठी इथे घर, नोकरी आणि मुलांची शाळा पणाला लागते. गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घेण्याची तडजोडही इमिग्रेशनचा वकील पाहिल्याशिवाय करू नये. २०१० सालच्या पडीया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, अशा कबुलीचे हद्दपारीवर काय परिणाम होतील हे सांगणे बचावाच्या वकिलाचे कर्तव्य आहे, असे ठरवले आहे. आरोपीने तो सल्ला मागून घ्यावा.

देशाची सीमा ही राज्याची सीमा नव्हे. ९२६-ए कॅनडात आणि मेक्सिकोत शून्य आहे. अलास्काला मोटारीने जाताना कॅनडा ओलांडावा लागतो. रायफल किंवा शॉटगन असेल तर सीमेवर लेखी घोषणा आणि शुल्क लागते, आणि पिस्तुलासाठी तर नियम फारच कडक आहेत. नायगारा पाहायला पलीकडच्या काठावर जाणाऱ्याने आदल्या दिवशीच गाडी तपासावी. मेक्सिकोच्या सीमेवर सीटखाली राहून गेलेले एक काडतूसही तुरुंगात पोहोचवू शकते. मशीनगन, आखूड नळीची रायफल किंवा शॉटगन यांसारखी १९३४ च्या फेडरल कायद्याखाली नोंदलेली शस्त्रे राज्याबाहेर नेण्याआधी एटीएफ या फेडरल खात्याची लेखी मंजुरी घ्यावी लागते.

पोलिसाने गाडी थांबवली तर काच खाली करून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवावेत, आतला दिवा लावावा, आणि कागद काढण्यापूर्वी ते कुठे आहेत हे सांगावे. मिशिगनमध्ये पिस्तुलाचा परवाना असलेल्याने ते जवळ असेल तर न विचारता लगेच सांगायचे असते. इतर अनेक राज्यांत विचारल्यावरच. खोटे कधीही बोलू नये. झडतीला संमती न देण्याचा हक्क संविधानाने दिला आहे. तो शांतपणे, एका वाक्यात सांगावा आणि तरीही झडती झाली तर अडवू नये. वाद न्यायालयात घालायचा असतो, महामार्गावर नाही.

गाडीत बंदूक सोडून रात्री हॉटेलात जाणे हेही टाळावे. गाडीतून चोरलेली बंदूक पुढे कोणाच्या हातात जाते आणि कोणाचा जीव घेते हे मालकाला कधी कळत नाही. कॅलिफोर्नियात चालक नसलेल्या गाडीत पिस्तूल डिकीत किंवा कुलूपबंद पेटीत ठेवणे सक्तीचे आहे. जिथे सक्ती नाही तिथेही तसेच करावे. सर्वांत बरे म्हणजे वाट एका दिवसात संपेल अशीच आखावी. ज्याच्या हाती अजून फक्त व्हिसा आहे, त्याने इमिग्रेशनच्या वकिलाचा लेखी सल्ला मिळेपर्यंत बंदूक विकतही घेऊ नये आणि कोणाची नेऊही नये.