कडी कोयंड्यात बसेना

जुन्या सागवानी दाराची साखळीची कडी वरच्या कोयंड्यापर्यंत पोचेनाशी झाली की कोयंडा उपटून खाली ठोकायचा मोह होतो. तसे करू नका. बहुतेक वेळा कोयंडा जागेवरच असतो, दार उतरलेले असते.

खात्री करून घ्या. एकाने पान किंचित वर उचलून धरावे, दुसऱ्याने कडी घालावी. अलगद बसली तर दोष वरच्या बिजागरीचा. दार फक्त पावसाळ्यात अडत असेल तर लाकूड फुगले आहे. तेव्हा रंधा मारलात तर उन्हाळ्यात फट पडेल. दिवाळी होऊ द्या, मग बघा.

बिजागरी खोलण्याआधी पानाखाली पाचर सारून भार घ्या. स्क्रूची खाच खिळ्याच्या टोकाने साफ करा, थेंबभर रॉकेल सोडा, रात्रभर थांबा. सकाळी स्क्रू आधी कणभर आवळा, मग उलटा फिरवा. गंजाची पकड सुटते. सैल भोकात काड्यापेटीच्या काड्या कोंबू नका, त्या लवकरच पिचतात. सागाची खुंटी फेव्हिकॉल लावून ठोका, एक दिवस सुकू द्या, मग स्क्रूहून बारीक भोक पाडा. पितळी बिजागरीला स्क्रूही पितळीच हवेत. लोखंडी स्क्रू पितळेच्या संगतीत, त्यातून कोकणातल्या दमट हवेत, फार लवकर गंजतो. पण पितळ मऊ, सागात पिळताना माथे तुटते. म्हणून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा पिळून काढा. आटे पडले की पितळी स्क्रूला मेण लावून बसवा.

कोयंडाच हलत असेल तर चौकटीच्या मागे त्याचे वाकवलेले दोन पाय दिसतील. ते हळूहळू सरळ करा, घाईने मोडतात. भोक भरून, नव्याने पाडून कोयंडा घाला. पुढून जड हातोडीचा टेका देऊन पाय लाकडाच्या रेषांना आडवे वाकवा. रेषेच्या दिशेने वाकवले तर लाकूड चिरू शकते.

सफाई सुट्या भागांचीच करा. पितळेला चिंच-मीठ चालते, मात्र लगेच धुऊन कोरडे पुसा. हाती घडवलेल्या लोखंडी कडीवर पॉलिशपेपर चालवू नका, लोहाराच्या घणाच्या खुणा जातील. तारेचा ब्रश पुरे. मग कडी उन्हात तापवून जवसाच्या तेलाचा हात फिरवा आणि जास्तीचे तेल पुसून घ्या, नाहीतर ते चिकट राहते.