माहेरी आले म्हणजे हक्क सोडला?

प्रश्न : सासरच्या मारहाणीला कंटाळून मी रसायनीला, मोहोपाड्यात आईकडे आले आहे. ‘घर सोडलंस, हक्क गेला,’ असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : नाही, ताई. 2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात पूर्वी एकत्र राहिलेलं घरही ‘सामायिक घर’ म्हणून धरलं आहे. जीव वाचवायला बाहेर पडल्याने निवासाचा हक्क बुडत नाही. सासर लांबचं असलं, तरी कलम 27नुसार तात्पुरत्या मुक्कामाच्या ठिकाणी, म्हणजे मोहोपाड्यासाठी खालापूरच्या न्यायालयातही अर्ज करता येतो. ‘स्वतःहून निघून गेली,’ असं सासरचे म्हणतील, ही भीती रास्त आहे; म्हणूनच निघण्याचं कारण या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे लगेच नोंदवा, जखमांची सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. समेटाच्या बैठकीत कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही मात्र करू नका. झोप उडाली असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मोफत बोला. नांदायचं की वेगळं व्हायचं, ते सावरल्यावर ठरवा.