गाभण जनावरांतील दुहेरी संसर्ग

गाय किंवा म्हैस दिवस भरण्यापूर्वी गाभडली म्हणजे वासरू जाते आणि त्या वेताच्या दुधासही शेतकरी मुकतो. मार लागणे, विषारी चारा खाणे अशी याची कारणे असू शकतात. परंतु एकाच गोठ्यात हा प्रकार पुन्हा घडल्यास संसर्गाचा संशय घ्यावा. हा संसर्ग एकाच रोगाचा असेल असे मात्र गृहीत धरू नये.

सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेलोसिस) हा रोग जिवाणूंमुळे होतो. डेन्मार्कमधील बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये हे जिवाणू शोधून काढले. गाभण जनावराच्या वारेत ते झपाट्याने वाढतात. त्यामुळे बहुधा पाचव्या महिन्यानंतर गर्भ पडतो आणि पुष्कळदा वार अडकते.

आय. बी. आर. हा रोग विषाणूमुळे होतो. नाक व श्वासनलिका यांना बाधा होऊन जनावर बरे झालेले दिसते. परंतु विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो. प्रवास, वेत किंवा आजार यांचा ताण पडताच तो पुन्हा उठतो. यानेही गर्भपात होतो.

दोन्ही रोग एकाच गोठ्यात, किंबहुना एकाच जनावरात असू शकतात. म्हणून एका रोगाचे निदान झाले तरी दुसऱ्याची तपासणी टाळू नये. जिवाणूंवरील औषध विषाणूवर चालत नाही, आणि एका रोगाची लस दुसऱ्यास रोखीत नाही.

शेतकऱ्यांनी पुढील दक्षता घ्यावी :

१. गाभडलेले जनावर ताबडतोब वेगळे बांधावे. ते बाजारात विकू नये.

२. पडलेला गर्भ व वार यांस उघड्या हातांनी शिवू नये. पशुवैद्यांनी नमुना घेतल्यावर ती चुना टाकून खोल पुरावीत. कुत्र्यांना मिळू देऊ नयेत.

३. दोन्ही रोगांसाठी रक्त तपासून घ्यावे. पशुवैद्यांनी सांगितल्यास दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा नमुना द्यावा.

४. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्या यांना ब्रुसेलोसिसची लस टोचून घ्यावी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात या लसीचा समावेश आहे. नेहमीची जिवंत लस गाभण जनावरास किंवा वळूस टोचू नये.

५. रेतनासाठी तपासलेल्या वळूचेच वीर्य वापरावे.

आय. बी. आर. माणसास होत नाही; ब्रुसेलोसिस मात्र होतो. वारंवार येणारा ताप व सांधेदुखी ही त्याची लक्षणे होत. म्हणून दूध उकळूनच प्यावे, आणि घरातील गर्भवती स्त्रीस गाभडलेल्या जनावराच्या कामापासून दूर ठेवावे.