ताप : शत्रू की पहारेकरी?

मुलांनो, समजा, रात्रीचे दहा वाजले आहेत. तुमच्या तीन वर्षांच्या धाकट्या भावाचे अंग तापले आहे. अम्मीने त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि ती घाबरली. अब्बा म्हणाले, "त्याला लगेच औषध दे. ताप उतरलाच पाहिजे." दादी म्हणाल्या, "ताप अंगातून निघू दे. त्याला गोधडीत गुंडाळ. घाम आला की बरे वाटेल." दोघांनाही त्याची काळजी आहे. मग बरोबर कोण?

ताप हा स्वतः रोग नाही. ती रोगाची खूण आहे. निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान ९८.६ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. ते सकाळी थोडे कमी आणि संध्याकाळी थोडे जास्त असते. १००.४ अंश किंवा त्याहून जास्त झाले, तर त्याला ताप म्हणतात.

आपल्या मेंदूचा एक लहानसा भाग हे तापमान सांभाळतो. रोगजंतू शरीरात शिरले, की तो शरीराला अधिक गरम होण्याचा हुकूम देतो. म्हणूनच ताप चढताना थंडी वाजते. अनेक जंतूंना ही उष्णता मानवत नाही. उलट, त्यांच्याशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी अधिक जोमाने काम करतात. म्हणजे ताप हा शरीराचा पहारेकरीच आहे.

म्हणून दादींचे म्हणणे काही अंशी बरोबर आहे. मूल खेळत असेल, पाणी पीत असेल, शांत झोपत असेल, तर केवळ थर्मामीटरवरचा आकडा पाहून औषध देण्याची गरज नसते. पण गोधडीत गुंडाळणे मात्र चूक आहे. त्यामुळे अंगातील उष्णता बाहेर जात नाही. अंगावर पातळ सुती कपडे असावेत. बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्याही ठेवू नयेत. त्याने अंग कापते आणि मुलाला त्रास होतो.

अब्बांचेही काही अंशी बरोबर आहे. मुलाचे अंग दुखत असेल, ते रडत असेल, पाणीसुद्धा पीत नसेल, तर पॅरासिटामॉल द्यावे. मुलाला आराम मिळावा, यासाठी ते द्यायचे. या औषधाने जंतू मरत नाहीत. त्याचा असर संपला, की ताप पुन्हा चढू शकतो. म्हणून घाबरून लगेच दुसरी मात्रा देऊ नये. दोन मात्रांमध्ये निदान चार तासांचे अंतर हवे. मात्रा मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टर ठरवतात. सर्व बाटल्या सारख्या नसतात. कुठे ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असते, तर कुठे २५० मिलिग्रॅम. म्हणून बाटलीवरचा आकडा वाचावा आणि घरातल्या चमच्याऐवजी मापाच्या झाकणाने औषध द्यावे. लहान मुलांना ॲस्पिरिन कधीही देऊ नये.

तापात शरीरातील पाणी कमी होते. म्हणून पाणी, सरबत, पेज, डाळीचे पाणी थोडे थोडे देत राहावे.

काही वेळा मात्र घरी थांबू नये. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ताप आला, तर लगेच दवाखान्यात न्यावे. मूल सुस्त पडले, त्याला धाप लागली, मान ताठ झाली किंवा लघवी फार कमी झाली, तरी तसेच करावे. पावसाळ्यात आपल्याकडे मलेरिया आणि डेंग्यूचा ताप येतो. तो रक्त तपासल्यावरच ओळखता येतो. डेंग्यूत ताप उतरताना धोका वाढू शकतो. तेव्हा पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त येणे, यांपैकी काही दिसले, तर "ताप गेला" म्हणून निश्चिंत राहू नये.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या काही मुलांना तापात झटके येतात. अशा वेळी मुलाला कुशीवर झोपवावे. तोंडात चमचा घालू नये, पाणी पाजू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला, तर तातडीने रुग्णालयात न्यावे. तो लवकर थांबला, तरी डॉक्टरांना दाखवावेच.

मुलांनो, अशा रात्री तुम्हीही उपयोगी पडू शकता. वहीत वेळ लिहा, थर्मामीटरचा आकडा लिहा, औषध केव्हा दिले ते लिहा. सकाळी ती वही डॉक्टरांना दाखवा. आणि आकड्याइतकेच भावाच्या चेहऱ्याकडेही लक्ष द्या. तो हसतो का? पाणी मागतो का? पहारेकरी ओरडला, की त्याचे तोंड बंद करण्याआधी तो का ओरडतो, हे पाहायला हवे.

शब्दार्थ
खूण – निशाणी
मात्रा – एका वेळी घ्यायचे औषध
सुस्त – मरगळलेला
निश्चिंत – बेफिकीर

स्वाध्याय
१. ताप चढताना थंडी का वाजते?
२. दादींचे कोणते म्हणणे बरोबर व कोणते चूक आहे?
३. झटका आल्यावर काय करावे आणि काय करू नये, ते लिहा.
४. तुमच्या घरी कोणाला ताप आला, तेव्हा काय केले? पाच वाक्ये लिहा.