तुम्हाला कृत्तिका किती दिसतात?

कार्तिक महिन्याचे नाव कृत्तिका नक्षत्रावरून पडले. मार्गशीर्षात अंधार पडला की पूर्वेला कृत्तिकांचा झुबका दिसतो. गुरुजींनी आम्हाला त्यातले तारे मोजायला लावले. सगळे म्हणाले, सहा. मला नुसता धुरकट ठिपका दिसला. मुले हसली. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी वडिलांना माझे डोळे तपासून घ्यायला सांगितले. मला चष्मा लागला, आणि मीपण सहा मोजले!

गुरुजींच्या दुर्बिणीतून तर इतके दिसले की मोजता मोजता चुकलो. गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून पाहून चित्रात ३६ तारे काढले. त्यांचा प्रकाश इथे यायला सुमारे ४४० वर्षे लागतात. म्हणजे मी पाहिलेला प्रकाश शिवाजी महाराजांच्या जन्माआधीच निघालेला!

तुम्हीपण मोजा. ज्याला ठिपकाच दिसेल त्याने लाजू नये, घरी सांगावे.

– इयत्ता चौथी